आत दिवाणजी, बाहेर शेठ

साइड इफेक्ट म्हणजे काय, हे सांगलीकराला समजावून सांगावं लागत नाही. तिकडे सातारा जिल्ह्यात, पाटण तालुक्यात, कोयना धरणाचे दरवाजे वर उचलतात आणि इकडे सांगलीत आयर्विन पुलाखालचं पाणी चढायला लागतं. बटण दाबणारा कोयनानगरला, पोती माळ्यावर चढवणारा सांगलीला. मध्ये कऱ्हाडला कोयना कृष्णेला मिळते, त्या जागेला प्रीतिसंगम म्हणतात. नाव ठेवताना सांगलीकरांना कुणी विचारलं नसावं. ऑगस्ट उजाडला की आमच्याकडे दूधवाला, शिकवणीला जाणारं पोरगं आणि गणपतीच्या देवळातले आजोबा, सगळे क्युसेकमध्ये बोलतात. कोयनेची क्षमता १०५.२५ टीएमसी, हा आकडा इथल्या माणसाला स्वतःच्या लग्नाच्या तारखेपेक्षा पक्का पाठ असतो. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ फूट म्हणजे धोका, आणि २०१९ साली १९२९ सालच्या या पुलानं ५७ फुटांच्या वरचं पाणी पाहिलं. त्यात खाली कर्नाटकात अलमट्टीचं पाणी ५१९.६० मीटरपर्यंत अडवलं की पूर फुगतो का नाही, हा वाद आहेच. पाणी ओसरतं, वाद ओसरत नाही.

एका ठिकाणी हात लावला की भलत्याच ठिकाणी काहीतरी बदलतं, याला संगणकवाले साइड इफेक्ट म्हणतात. आणि हे होऊच द्यायचं नाही, निदान जिथे होऊ नये तिथे तरी होऊ द्यायचं नाही, अशी शपथ घेतलेल्या प्रोग्रॅमरांचा एक पंथ आहे. त्या पंथाचं नाव फंक्शनल प्रोग्रॅमिंग. माझा भाचा त्या पंथात आहे. घरात कुणी वारकरी झालं तर निदान एकादशी तरी कळते. हा काय झालाय ते आमच्या ताईला अजून कळलेलं नाही.

भाचा साताऱ्याचा. शिकला सांगलीच्या वालचंद कॉलेजात. १९४७ पासून हे कॉलेज आजूबाजूच्या जिल्ह्यांतली पोरं गोळा करून त्यांचे इंजिनिअर बनवतं आणि पुण्याला धाडतं. रीतीप्रमाणे हाही पुण्याला गेला. तिथे क्लोजर नावाच्या भाषेत काम करणाऱ्या लोकांत बसला-उठला आणि बिघडला. आता साताऱ्यात शाहूपुरीतल्या घरी बसून काम करतो. म्हणजे दिवसभर पडद्याकडे बघत असतो आणि ताई शेजारणीला सांगते, "नोकरी आहे, पण घरीच आहे," ज्यातलं शेजारीण फक्त दुसरं वाक्य ऐकते.

त्याला सांगलीत एक काम मिळालं ते माझ्यामुळे. मार्केट यार्डात आमच्या ओळखीच्या एका शेठची हळदीची अडत आहे. माल शेतकऱ्याचा, घेणारा व्यापारी, आणि मधला विश्वास शेठचा. सांगलीची हळद म्हणजे साधी गोष्ट नाही. तिला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालंय. पूर्वी ती हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांत, वर्षानुवर्षं कीड न लागता राहायची, २००५ च्या पुरानं त्या पेवांची दैना केली तोपर्यंत. शेठच्या दुकानात वाईपासून थेट कर्नाटकापर्यंतचा माल येतो. सौदा झाला, वजन झालं, की शेतकऱ्याच्या हातात पट्टी द्यायची. एकूण रक्कम इतकी, त्यातून हमाली इतकी, तोलाई इतकी, उचल घेतली होती ती इतकी, हाती इतके.

शेठकडे या कामासाठी आधी एक सॉफ्टवेअर होतं. कुणी केलं ते जाऊ द्या. उत्तम चालायचं. एक दिवस हमालीचा दर वाढला. शेठनी नवा दर टाकला आणि त्याबरोबर मागच्या तीन हंगामांच्या सगळ्या पट्ट्या बदलल्या. ज्यांचे पैसे देऊन झाले होते, ज्यांच्या पैशांतून पोरींची लग्नं झाली होती, त्यांच्या नावावर बाकी दिसायला लागली. दरवाजा आज उघडला आणि पूर तीन वर्षांमागे आला. तेव्हा शेठ मला म्हणाले, "सर, तुमचा भाचा काय करतो म्हणाला होता?"

भाचा बॅग घेऊन आला. शेठनी विचारलं, "कुठल्या भाषेत करणार?"

"हास्केल."

"हे काय असतंय?"

"हास्केल करी म्हणून एक अमेरिकन तर्कशास्त्रज्ञ होते. त्यांच्या नावावरून."

शेठ सरसावून बसले. "करी? किती टन घेतात हळद?"

"ते १९८२ साली वारले, शेठ."

"मग रोखीतच बोलायला पायजे," शेठ म्हणाले आणि चहा मागवला.

या करीसाहेबांची गंमत अशी, की त्यांच्या पहिल्या नावावर एक भाषा आहे, आडनावावर दुसरी भाषा आहे, आणि ज्या युक्तीला जग 'करींग' म्हणतं ती त्यांच्या आधीच मोझेस शोनफिंकेल नावाच्या माणसानं मांडली होती. शोनफिंकेलचं नाव कुणी घेत नाही, कारण ते उच्चारता येत नाही. ज्या जिल्ह्यानं साखर कारखान्यांचे उद्घाटनाचे फलक पाहिलेत, त्या जिल्ह्याला यात नवल वाटण्यासारखं काही नाही. या सगळ्याच्या मुळाशी आहे अलोन्झो चर्च यांनी १९३० च्या दशकात मांडलेलं लॅम्डा कॅल्क्युलस. तेव्हा संगणक नव्हते. म्हणजे हा पंथ यंत्राच्या आधी जन्मला आणि यंत्र आल्यावर त्याच्या अंगवळणी पडेना, म्हणून त्याच्यावर रुसून बसला.

भाचा मला पहिल्या दिवशी म्हणाला, "मामा, शुद्ध फंक्शन म्हणजे तेच दिलं की तेच मिळणार. कधीही, कुठेही, कितीही वेळा."

मी विचार करायला लागलो, की असं आपल्याकडे काय आहे? शेठला विचारा, आज राजापुरी हळदीचा भाव काय? उत्तर कोण विचारतंय त्यावर आहे. शेतकऱ्याला एक, व्यापाऱ्याला दुसरं, पाहुण्याला "चाललंय आपलं". नुकताच फोन कुणाचा येऊन गेला त्यावर आहे. आभाळ भरून आलंय का यावर आहे. साताऱ्यात पोवई नाक्यावर उभं राहून विचारा, स्टँड किती लांब आहे? सकाळी "हितंच की", दुपारी "रिक्षा करा", आणि पावसात "कशाला जाताय?" प्रश्न तोच, जागा तीच, स्टँडही हललेलं नाही.

एक मात्र खरं, आमच्या ताईचं घर. "जेवून आलायस का?" असं ती विचारते. हो म्हणा, नाही म्हणा, पोट बिघडलंय म्हणा, पुढे ताट येतंच. भाचा म्हणाला, "आई हे कॉन्स्टंट फंक्शन आहे. इनपुट काहीही द्या, आउटपुट ताट." मग तिनं विचारायचंच कशाला, असं मी म्हणालो. तर म्हणाला, "टाइप तसा आहे. विचारल्याशिवाय वाढता येत नाही."

आणि दुसरे, दिवाणजी.

शेठच्या दुकानात पुढे गादी, तक्क्या, फोन, लक्ष्मीचा फोटो आणि शेठ. मागच्या बाजूला, जिथे पंख्याचा वाराही विचारपूस करून जातो, तिथे दिवाणजी. त्यांच्या आजोबांच्या कीर्दी मोडीत होत्या, यांच्या बाळबोधीत, एवढाच काय तो फरक. दिवाणजी गिऱ्हाइकाशी बोलत नाहीत. भाव ठरवत नाहीत. फोन घेत नाहीत. त्यांना १२ क्विंटल आणि १४,००० चा भाव सांगा, ते १,६८,००० म्हणतात. सोमवारी तेवढेच, पाडव्याला तेवढेच, आणि पुराचं पाणी यार्डाच्या फाटकाशी आलं असताना माळ्यावर बसूनही तेवढेच. शिवाय मोजता मोजता शेठचा फोन लावत नाहीत, कुणाला चहा सांगत नाहीत. भाच्यानं त्यांच्याकडे पाहिलं आणि त्याच्या डोळ्यांत जे आलं ते मी त्याच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. म्हणाला, "मामा, कोअर तयार आहे. फक्त टाइप करायचंय."

२०१२ साली गॅरी बर्नहार्ट नावाच्या प्रोग्रॅमरनं एका भाषणात या रचनेला नाव दिलं. आत शुद्ध गाभा, म्हणजेच भाच्याचा तो कोअर, बाहेर व्यवहारी कवच. निर्णय सगळे आत, घडामोडी सगळ्या बाहेर. आत फक्त हिशेब. डेटाबेस, प्रिंटर, मेसेज, घड्याळ ही सगळी लफडी बाहेर. बर्नहार्ट यांनी सांगलीचं मार्केट यार्ड पाहिलेलं नसणार. पाहिलं असतं तर भाषण अर्ध्या वेळात झालं असतं: आत दिवाणजी, बाहेर शेठ.

मग गाभ्याची मांडणी सुरू झाली. मला वाटलं होतं, प्रोग्रॅमर आला की धडाधड कळा बडवतो. हा दोन दिवस नुसते प्रश्न विचारत होता. हळद म्हणजे काय? शेठ हसले. दिवाणजी हसले नाहीत. "हळकुंड, गड्डा आणि कणी. तिन्हींचे भाव वेगळे," ते म्हणाले. भाच्यानं टाइप लिहिला: माल म्हणजे हळकुंड, किंवा गड्डा, किंवा कणी, चौथं काही नाही. मग हिशेब लिहिताना घाईत कणी राहिली, तर प्रोग्रॅम चालण्याआधीच तपासणाऱ्या कंपायलरनं लगेच हटकलं, की कणी आली तर काय करायचं ते सांगितलेलं नाही. दिवाणजींनी चष्मा वर करून विचारलं, "हे यंत्रानं विचारलं?" हो म्हटल्यावर त्यांनी खुर्ची जरा जवळ ओढली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना कुणीतरी बरोबरीचं भेटलं होतं.

किलो वेगळा टाइप, रुपये वेगळा टाइप. दोन्ही आकडेच, पण किलोत रुपये मिळवू म्हटलं तर प्रोग्रॅम जन्मालाच येत नाही. चालवल्यावर चूक सापडणं वेगळं आणि चूक लिहिताच न येणं वेगळं. आमच्याकडे जन्मभर पहिली पद्धत. आधी स्लॅब टाकायचा, मग जिना कुठून काढायचा ते बघायचं. मग पैसे. भाचा म्हणाला, रुपये अपूर्णांकात ठेवायचे नाहीत, कारण बहुतेक संगणकांना ०.१ आणि ०.२ ची बेरीज करायला सांगितली तर ती ०.३०००००००००००००००४ येते. सगळं पैशांत, पूर्णांकात. हे ऐकून दिवाणजींना एवढा आनंद झाला की ते स्वतःहून बोलले. "म्हणजे त्याला बेरीज येत नाही?" ते म्हणाले. दिवसभर मधूनमधून हसत होते.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो शेतकऱ्याच्या फोन नंबरावर. नंबर असतो किंवा नसतो. संगणकात 'काहीच नाही' दाखवायला नल नावाची सोय टोनी होअर यांनी १९६५ साली काढली आणि २००९ साली तिला स्वतःचीच एक अब्ज डॉलरची चूक म्हटलं. कारण सगळे ती गोष्ट आहेच असं धरून चालतात आणि नसली की तोंडावर पडतात. हास्केलमध्ये त्यासाठी मेबी नावाचा टाइप आहे: असेल तर हे, नसेल तर काय करणार ते आधी लिहून द्या, त्याशिवाय पुढे जायचं नाही. भाच्यानं मोठ्या अभिमानानं दोन पर्याय मांडले, नंबर आहे आणि नंबर नाही. दिवाणजींनी जुनी वही उघडून दाखवली. एकाचा नंबर शेजाऱ्याचा. एकाचा पुण्यातल्या मुलाचा, पण त्याला भाव सांगायचा नाही. एकाचा नंबर आहे, पण फोन बायकोकडे असतो आणि तिला उचल घेतल्याचं कळता कामा नये. एकाच्या पुढे लिहिलेलं: "सातारा एसटीत सांगणे." भाचा संध्याकाळपर्यंत त्या पानाकडे बघत होता. शेवटी टाइपला सहा पर्याय झाले. बायकोला न कळवण्याचा पर्याय जगातल्या दुसऱ्या कुठल्याही टाइप सिस्टिममध्ये नसावा.

घड्याळाचं प्रकरण वेगळंच. शुद्ध फंक्शननं आजची तारीख स्वतःहून बघायची नाही, कारण उद्या तेच विचारलं तर उत्तर बदलेल. तारीख बाहेरून द्यायची. मला हे जरा जास्तच सोवळं वाटलं. मग लक्षात आलं, समोर भिंतीवर कॅलेंडर असताना दिवाणजी रोज सकाळी शेठना विचारतात, "आज कीर्दीला तारीख काय घालायची?" मी वीस वर्षं त्याला विसरभोळेपणा समजत होतो. जुन्या तारखेचा सौदा आज लिहायचा असेल तर तो ठरवणारे शेठ. तारीख हा व्यवहार आहे, हिशेब नाही.

तेव्हा प्रश्न आला: आत जर काहीच करायचं नाही, तर पट्टी छापणार कोण, मेसेज पाठवणार कोण? इथे भाच्यानं मोनाड हा शब्द उच्चारला आणि लगेच जीभ चावली. मोनाड समजावण्यासाठी जगभरच्या प्रोग्रॅमरांनी बरिटो नावाच्या मेक्सिकन पदार्थाची उपमा इतकी वापरली की त्यावर चेष्टेचे लेख लिहावे लागले. सांगलीत बरिटो मिळत नाही. भडंग मिळतं, पण ते कशातही गुंडाळलेलं नसतं. भाचा फळ्यावर बाण काढत गेला. शेठना फोन आला, ते उठून गेले. मला डुलकी आली. जाग आली तेव्हा दिवाणजी म्हणत होते, "म्हणजे मी पैसे द्यायचे नाहीत. 'अमक्यास इतके द्यावे' अशी चिठ्ठी लिहायची आणि गल्ल्यातून काढून द्यायचे शेठनी."

"हो."

"मग हे आम्ही करतोच. तुम्ही एवढा फळा का भरवला?"

झालं. गाभा काही करत नाही, काय करावं याची चिठ्ठी देतो. चिठ्ठी तपासता येते, फाइलला लावता येते, दुसऱ्याला दाखवता येते. करायचं ते कवच करतं आणि करताना वीज गेली तर दोष कवचाचा. भाचा बनवत होता ती वेबसाइटच मुळात अशी: बाहेरून एक विनंती येते, आतून एक उत्तर जातं. मध्ये एकात एक बसवलेली फंक्शनं. पहिलं विचारतं, आत यायचा हक्क आहे का? दुसरं, मागितलेलं नीट लिहिलंय का? तिसरं हिशेब करतं, चौथं चिठ्ठी. ज्याचं काम त्यानं करायचं आणि पुढच्याच्या कामात नाक खुपसायचं नाही. हे यार्डात कुणाला पटणं कठीण होतं. हमालांचा मुकादम भाव सांगतो, भाव ठरवणारा पोतं उचलायला हात लावतो, आणि चहावाला दोघांनाही सल्ला देतो.

हास्केलचा आणखी एक गुण शेठना फार आवडला. ती भाषा आळशी आहे. हे मी म्हणत नाही, तिचे कर्तेच तसं म्हणतात. उत्तर कुणी मागेपर्यंत ती गणितच करत नाही, नुसती "करायचं आहे" अशी नोंद ठेवते. शेठ म्हणाले, "ही आपली भाषा." पण भाच्यानं सावध केलं. न केलेल्या कामांच्या अशा नोंदी साचत गेल्या तर मेमरी भरते आणि सगळं यंत्र बसतं. ज्यांनी कुठल्याही कचेरीत कपाटांवर रचलेले गठ्ठे पाहिलेत त्यांना हे पटायला वेळ लागला नाही.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट: साठवण. भाचा म्हणाला, जुनं बदलायचं नाही. खाती बदलून लिहायची नाहीत, घडलेलं फक्त जोडत जायचं. आजची बाकी हवी असेल तर पहिल्या नोंदीपासून एकेक नोंद घेत शेवटपर्यंत या, जे उरेल ती बाकी. नवीन लोक याला इव्हेंट सोर्सिंग म्हणतात. दिवाणजींनी काहीच न बोलता दोन वह्या पुढे केल्या. पहिली कीर्द. रोज घडलं ते क्रमानं, खाडाखोड नाही. दुसरी खतावणी. कीर्दीवरून प्रत्येकाच्या नावानं काढलेली. खतावणी हरवली तर कीर्दीवरून पुन्हा करता येते. कीर्द हरवली तर मार्केट सोडून जावं लागतं.

लुका पाचोली यांनी १४९४ साली व्हेनिसमध्ये जमाखर्चाची ही शिस्त छापली. आमच्या पेढ्यांनी ती त्यांच्याकडून घेतली की नाही माहीत नाही, पण पाळली मात्र नक्की. आणि फक्त पेढ्यांनीच नाही. तलाठी कार्यालयात सातबारा सगळे मागतात, पण खरा ऐवज म्हणजे गाव नमुना सहा, फेरफाराची नोंदवही. आजोबा गेले, वाटणी झाली, बोजा चढला, बोजा उतरला, प्रत्येकाला एक क्रमांक. पूर्वी सातबारावर जुनं नाव खोडून नाहीसं होत नसे, त्याला कंस पडायचा. भावकीची सगळी भांडणं त्या कंसांमध्ये जिवंत असतात. सातारा जिल्ह्यात कुणाच्याही घरी जा, आजोबांच्या नावाला पडलेला कंस नातू तुम्हाला पाणी देण्याआधी दाखवेल. कुठल्या भाषेत काय बदलता येत नाही याची व्याख्यानं परदेशात होतात. आमच्याकडे ते तीन पिढ्या कोर्टात चाललेलं असतं.

गाभा बांधून झाल्यावर तपासणी. क्विकचेक नावाचं एक साधन कोएन क्लासेन आणि जॉन ह्यूज यांनी २००० साली केलं. त्याला उदाहरणं द्यायची नाहीत, नियम सांगायचा. उदाहरणं ते स्वतःच वाट्टेल तशी बनवतं आणि नियम मोडतो का बघतं. नियम दिला: कपात आणि हाती येणारी रक्कम मिळून एकूण रक्कम झाली पाहिजे, आणि हाती येणारी रक्कम शून्याखाली जाता कामा नये. यंत्रानं क्षणात शेकडो शेतकरी बनवले. बिननावाचा शेतकरी, शून्य पोत्यांचा शेतकरी, एक किलो कणी आणि लाखाची उचल असलेला शेतकरी. शेठ म्हणाले, "असला माणूस यार्डात आला तर त्याला हार घालीन मी." आणि नियम मोडला. एकाची रक्कम शून्याखाली गेली. शेतकऱ्यानंच अडत्याला देणं निघालं.

भाचा म्हणाला, "हे अशक्य आहे, हा नियम असायलाच हवा."

दिवाणजी म्हणाले, "नियम चुकला. होतं असं. हळदीला कमी, कांद्याला जास्त."

२०२३ साली सोलापुरात पाच क्विंटलांहून जास्त कांदा विकून एका शेतकऱ्याच्या हाती दोन रुपयांचा चेक पडल्याची बातमी सगळ्यांनी वाचली होती. थोडा वेळ कुणी हसलं नाही. भाच्यानं नियम काढून टाकला. गाभा शुद्ध असला तरी जग तसं नाही, हे त्याला त्या दिवशी कळलं असावं. त्यानं ती रक्कम लपवली नाही, लाल अक्षरात छापायची सोय मात्र केली.

काम पुरं झालं. शेठनी मोबाइल हातात घेऊन एकेक पान पाहिलं आणि म्हणाले, "झकास. फक्त खोडायचं बटण कुठाय?"

"नाही आहे."

"आरं, पण चुकलं तर?"

"चुकलं तर उलट नोंद. आधीची तशीच राहणार, खाली दुरुस्ती."

शेठ माझ्याकडे बघायला लागले. मी लक्ष्मीच्या फोटोकडे बघायला लागलो. शेठचं म्हणणं अगदी चूक नव्हतं. माणसाला आयुष्यात एखादं खोडायचं बटण हवंच असतं, आणि विकत मिळत असेल तर पैसे द्यायलाही तो तयार असतो. त्यांनी दिवाणजींकडे अपील केलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच दिवाणजी शेठच्या विरोधात गेले. "खाडाखोड केलेली कीर्द इन्कम टॅक्सवालेसुद्धा वाचत नाहीत," ते म्हणाले. शेवटी तोड निघाली. 'दुरुस्ती' असं बटण ठेवायचं. ते दाबलं की कारण लिहावंच लागेल, ती ओळ रिकामी ठेवता येणार नाही, टाइपच तसा आहे. आणि ते कारण पट्टीवर छापून येईल.

जाता जाता दिवाणजींनी एक दोष काढला. "वर श्री नाही."

भाचा विचारात पडला. श्री कुठे घालायचं, आत की बाहेर? प्रिंट करताना बाहेर घालता आलं असतं. पण दिवाणजींचा निकाल तयार होता. "शेतकरी बदलतो, भाव बदलतो, श्री बदलत नाही. म्हणजे आत." त्यामुळे आमच्या माहितीत तरी हे एकमेव हास्केल मोड्यूल आहे ज्याची पहिली ओळ श्री आहे.

मग भाच्याच्या बिलाचा विषय. ठरलेली रक्कम शेठना आता जास्त वाटत होती. "भाच्यासारखा हैस," ते प्रेमानं म्हणाले, "थोडं वरखाली कर." भाचा काही बोलणार इतक्यात दिवाणजी म्हणाले, की नवी पद्धत तपासायला त्यांनी पहिली खरी नोंद म्हणून इंजिनिअरचं बिलच घातलंय. शेठनी फोन उघडला. होतं. त्यांनी दुरुस्तीचं बटण दाबलं. कारणाची ओळ उघडली. वर श्री, खाली रिकामी चौकट. शेठ बराच वेळ त्या चौकटीकडे बघत राहिले. एकदा काहीतरी लिहिलं, पुसलं. चौकटीत अजून पुसता येत होतं, तेवढी सवलत भाच्यानं ठेवली होती. श्रीच्या बरोबर खाली छापून येईल असं कारण त्यांना सुचेना.

त्यांनी चेकबुक मागवलं, आणि सगळ्यांना चहा. चहाची नोंद दिवाणजींनी किरकोळ खर्चात घातली.